चाखणं म्हणजे खाणं नव्हे

"रस तांबूस झाला का रे?" तात्यानं तिसऱ्यांदा विचारलं. तीस वर्षं गुऱ्हाळात रसाचा रंग त्यानं आम्हाला सांगितला आणि आता मलाच विचारत होता. मी त्याचा मेहुणा, चुलाणात जाळ घालणारा. गाढवाला गुळाची चव काय? "झाला असेल," म्हटलं. त्यानं पळीतला रस बोटावर घेतला आणि चाटला.

गेल्या महिन्यात मीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही मधुमेहामुळं लवकर पिकलेला. "रक्तातली साखर डोळ्यातल्या भिंगातही शिरते. तिथं पाणी ओढते, भिंग फुगतं, गढूळ होतं. साखर उतरली की ऑपरेशन करू. गोड खाता का?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा," तात्या म्हणाला. आणि ते खरंच होतं.

आज माझी बहीण, तात्याची बायको, नवा रिपोर्ट घेऊन थेट रस उकळत होता त्या काहिलीजवळ आली. साखर आणखी चढली होती. नेमकं तिनं त्याचं बोट तोंडात पाहिलं.

"गोड खात नाही म्हणालात ना?"

"चाखणं म्हणजे खाणं होय? काम आहे ते."

"दिवसात किती वेळा?"

तात्या पळीनं रस ढवळू लागला. मग मीच सांगितलं, की पूर्वी एका काहिलीला एकदा चाखायचा, आता रंग दिसत नाही म्हणून दहा-बारा वेळा, आणि काहिली रोजच्या चार.

बहीण लाकडाच्या ढिगावर बसली. "दिसत नाही म्हणून चाखता, आणि चाखता म्हणून दिसत नाही."

"मग काय करू? नाही चाखलं तर गूळ बिघडतो. गूळ बिघडला तर मालक दुसरा गुळव्या आणेल. मी घरी बसून कुणाचं तोंड बघू? तेही धड दिसणार नाही." मला त्याची फार कीव आली.

बहिणीनं कुंपणाचा कडू पाला ओरबाडला, त्याच्या दहाही बोटांना चोळला आणि पळी स्वतः घेतली. "मी चाखते. तुम्ही विचारा."

"शेवटी जिभेवर कडसर येतंय?"

"नुसतं गोड."

"मग नाही झाला."

असं तीनदा झालं. तात्या हात मागं बांधून काहिलीभोवती येरझाऱ्या घालत होता. बहीण पळी निववायला वळली आणि त्याचा हात सवयीनं काहिलीच्या काठावर गेला, तिथून तोंडात. बोटावरच्या पाल्यानं तोंड वेडंवाकडं झालं.

"उतरवा," तो थुंकत म्हणाला. "मला तर आता जन्मभर कडसरच लागणार."