तापीबाईंच्या कॅटलिया

तापीबाईंचा भाऊ रेल्वेत होता. कलकत्त्याकडे बदली झाल्यावर, १९५७ च्या हिवाळ्यात, त्यानं बहिणीला एक लाकडी पेटी पाठवली. तिचे यजमान चुनीलाल नंदुरबार स्टेशनावर गेले आणि पेटी बैलगाडीत घालून तापीकाठच्या गावी घेऊन आले. आत सहा ऑर्किडं होती, कॅटलिया जातीची. मातीशिवाय वाढणारं झाड गुजर आळीत कोणी पाहिलं नव्हतं.

तापीबाईंनी विहिरीशेजारी, केळीच्या बागेला लागून मांडव घातला. भोकं पाडलेल्या कुंड्यांत कोळसा आणि विटांचे तुकडे भरून त्यांनी झाडं टांगली. उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा पाणी शिंपडावं लागे. तिसऱ्या वर्षी जांभळी फुलं आली, तळहाताएवढी, आणि शहाद्यापासून बाया ती पाहायला येऊ लागल्या. बाई सढळ हाताच्या होत्या. झाडं वाढली की मांडवात ठेवलेल्या सुरीनं गड्ड्याचे तुकडे करून वाटत. असे सात घरी तुकडे गेले.

त्याच वर्षी भाऊ काविळीनं वारला.

नंतरच्या बहरात तापीबाईंना काहीतरी बिनसलेलं दिसलं. फूल उमले तेव्हा निर्दोष असे. आठवड्याभरात पाकळ्यांवर तपकिरी रेघा उठत. पानांवर फिकट पट्टे आणि काळे, खोलगट डाग पडू लागले. शेतकी खात्याचे साहेब जीपनं आले, तेव्हा त्यांनी बुरशी असावी असं सांगून मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायला सांगितलं. बाईंनी तीनदा फवारलं. डाग काही थांबले नाहीत.

केळीच्या बागेत उदेसिंग कामाला होता. धडगावच्या वरचा, पावरा आदिवासी, वयानं बाईंच्याच बरोबरीचा. त्यानं सातपुड्यातली रानटी ऑर्किडं आणून विहिरीवरच्या आंब्याला बांधली होती आणि ती मजेत होती. फक्त एकावर तसेच डाग आले होते. त्यानं ते बरेच दिवस पाहिलं आणि एक दिवस काम थांबवून बाईंना तिथं नेलं. हेच एक झाड त्यानं मांडवातल्या सुरीनं कापलं होतं. बाकीची हातानं सोडवून बांधली होती.

"बाई, दोस झाडना नई," तो म्हणाला, "सुरीना शे."

तापीबाई तिथंच उभ्या राहिल्या. गेल्या तीन वर्षांत त्या सुरीनं कोणकोणती झाडं कापली, ते त्यांना एकेक आठवत गेलं. त्यांना राग आला, पण रडू आलं नाही. उदेसिंगचं म्हणणं खरं आहे की नाही, हे आधी पाहायचं त्यांनी ठरवलं.

भावानं वारण्याआधी दुसऱ्यांदा पाठवलेले पांढऱ्या फुलांचे दोन गड्डे अजून कापलेले नव्हते. त्यांच्या पानांवर एकही डाग नव्हता. एका गड्ड्याचे चार तुकडे त्यांनी आजारी झाड कापलेल्या सुरीनं केले. दुसऱ्याचे चार करताना दर वेळी सुरी चुलीच्या विस्तवात धरली आणि गार होऊ दिली. पहिल्या चार कुंड्यांवर गेरूचा ठिपका लावून त्या मांडवाच्या एका टोकाला टांगल्या, बाकीच्या दुसऱ्या टोकाला. चुनीलालनी हसून विचारलं की आता घरात कॉलेज उघडायचं का. बाई म्हणाल्या, उघडलंय.

पुढच्या दिवाळीपर्यंत गेरूच्या चारही कुंड्यांतल्या पानांवर पट्टे आले. दुसऱ्या चार स्वच्छ राहिल्या.

साहेब पुन्हा आले तेव्हा बाईंनी त्यांना दोन्ही टोकं दाखवली. माणूस सरळ होता. पानं तोडून त्यानं पुण्याला तपासायला पाठवली. सहा महिन्यांनी उत्तर आलं : हा विषाणू आहे, झाडाच्या रसातून पसरतो, औषध नाही, आजारी झाडं जाळावीत.

आजारी सत्तावीस कुंड्या होत्या. भावाची पहिली सहाही झाडं त्यांत होती आणि एकाला कळ्या धरल्या होत्या. चुनीलालना बघवेना.

"एखादं बाजूले ठेव," ते म्हणाले. "भाऊनी याद शे."

"बाजूले ठेवसू, पन हात त मन्हाच लागतीन ना त्याले?"

बांधावर उदेसिंगनं पाचट पेटवलं. बाईंनी प्रत्येक झाड स्वतःच्या हातानं आत टाकलं. कळ्यांचं झाड टाकताना हात थांबला, एवढंच. मग घरी येऊन त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई त्या सात घरी जाऊ लागल्या. माझ्या हातून तुमच्याकडे रोग आला, झाड जाळा, वर्षभरात निरोगी तुकडा देते, असं त्या उंबऱ्यातच सांगत. सहा घरांनी ऐकलं. सातवं घर नंदुरबारला, मिरचीच्या व्यापाऱ्याच्या बायकोचं, मीनाबाईंचं. त्यांच्या झाडावर त्याच सकाळी फूल उमललं होतं, त्यावर डागाचं नावही नव्हतं. मीनाबाई दुखावल्या. दिलेली वस्तू कोणी असं मागतं का, असं त्यांनी विचारलं.

तापीबाईंनी वाद घातला नाही. फक्त पानाच्या मागची काळी रेघ बोटानं दाखवली आणि आठ दिवस फुलाकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

नवव्या दिवशी त्या परत गेल्या, तर मीनाबाई दारातच भेटल्या. परसात राख अजून कोमट होती. त्यांनी तापीबाईंना आत नेलं आणि चहा ठेवला. मग त्यांनी विचारलं की नवा तुकडा कुठं टांगावा, पूर्वेच्या ओटीवर चालेल का. तापीबाई कप खाली ठेवून ओटीवरचं ऊन पाहायला उठल्या.