तिकडची दिवेलागण

किल्लीला अडकवलेला पितळी मोर तळव्यात रुतला होता – आपण मूठ इतकी घट्ट मिटली आहे हे सुचेताला आत्ता कळलं. उघडली तर तुऱ्याचा तांबूस ठसा. शेजारच्या, श्रीलंकेतल्या जाफन्याहून आलेल्या योगाक्कांच्या घराची किल्ली. काल हॉस्पिटलमध्ये भरती व्हायला निघताना त्यांनी ती हातात ठेवली, वर स्वतःचा हात दाबून धरला… "माझ्या भावाचा दिवा. उद्या, घंटेच्या वेळी. कुणाला बोलू नकोस. वैभवीला तर नाहीच." सुचेता हो म्हणाली. देवासमोर म्हणावं तसं.

हो म्हणताना मनात संध्याकाळ होती. दिवा म्हणजे दिवेलागण, आणखी काय असणार! आणि आज, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, घट मांडून, साउथहॅम्प्टनच्या या थंडीत मिळाल्या त्या पाच झाडांच्या डहाळ्या कलशात खोवून ती कहाणी वाचायला बसणार, तोच अक्कांचा फोन – ऑपरेशनला नेण्याआधीचा, घोगरा. "सुचेता, घंटा वाजते ती जाफन्याच्या संध्याकाळी गं. म्हणजे आपल्या दुपारी."

दुपार तर वैभवीला दिलेली.

वैभवी – तिची मुलगी, इथेच जन्मलेली – कौन्सिलच्या पोटनिवडणुकीला उभी. आज तमिळांचा वीरांचा दिवस. स्वतंत्र देशासाठी लढताना गेलेल्या मुलांचे फोटो हॉलमध्ये ओळीने मांडतात, घंटा होते, प्रत्येक फोटोपुढे दिवा लागतो. हल्ली सगळ्या पक्षांची माणसं तिथे मान खाली घालून उभी राहतात. वॉर्डात तमिळ घरं पुष्कळ. आईला घेऊन ये, असं वैभवीच्या पक्षातल्यांनी तिला सुचवलेलं… आणि त्या ओळीत अक्कांच्या भावाचा, तवमचा फोटो नाही. तवमलाही तोच देश हवा होता, फक्त तो लढणाऱ्यांच्या दुसऱ्या गटातला. त्याला सैन्याने नाही मारलं. ज्यांचे फोटो मांडतात त्या चळवळीतल्याच मुलांनी मारलं – सायकलीवरून आलेल्या, घरात जेवून गेलेल्या. गद्दार म्हणून. जवळजवळ चाळीस वर्षं झाली तरी इथे, या गल्लीत, ते उघडं झालं तर अक्कांच्या दारात कोण येईल, कोण यायचं थांबेल…

मी सांगू शकले असते का वैभवीला? अर्धंच, नाव न घेता? पण अर्धं सांगितलेलं पोरगी पुरं करते. लहानपणापासून.

"आई! अजून रेडी नाही तू? कबीर कारमध्ये वेट करतोय, कॅमेरा घेऊन. पार्टीला फोटो हवेत आपले." वैभवीच्या कोटावर वीरांच्या दिवसाचं लाल-पिवळं कागदी फूल होतं. कोकणात आई भाद्रपदात गौरीसाठी रानातून आणायची ते… सुचेताने नजर काढून घेतली.

"व्रत आहे गं आज."

"आय नो, थर्सडे. उपासाचा चहा पी नि चल. लास्ट इयर समोरच्या पक्षाचा माणूस त्याच्या आईला घेऊन फ्रंट रोमध्ये बसला होता."

"मग त्याच्या आईला विचार, यंदा दोघांसाठी बसते का."

वैभवी हसली, क्षणभर सगळं सोपं झालं. "जोक नको ना. तुझी खुर्ची ठेवलीय त्यांनी. योगा आंटीसाठी तरी ये. त्या बऱ्या असत्या तर आल्याच असत्या."

"त्यांचं डोकं दुखतं या दिवशी."

निसटलंच. सुचेताने समईची वात उगाच सारखी केली.

"हो, लास्ट इयर पण दुखत होतं." वैभवी थांबली. "वेट. दर वर्षी?"

घड्याळाची टिकटिक. कलशातल्या पाण्यावर एक पान हललं, की तिच्या श्वासाने हललं… आता हिचं डोकं चालणार, एकाला एक जोडणार, आणि हॉलमध्ये कुणाला तरी सहज, प्रेमाने विचारणार –

"माझंही दुखतंय," सुचेता म्हणाली. "नाही जमायचं."

वैभवी बघत राहिली. "आई, तू खोटं बोलत नाहीस. गुरुवारी तर नाहीच."

वैभवीने पदराखालची मूठ पाहिली, मग घट, मग दार. "ओके," एवढंच म्हणाली. दार मात्र हळू लावून गेली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

अक्कांच्या स्वयंपाकघरात मुरुगन देवाच्या तसबिरीमागे तवमचा फोटो सापडला. पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, ओठांवर नुकतीच फुटलेली मिसरूड. तिने दिवा दक्षिणेकडे वळवला, मेलेल्यांसाठी वळवतात तसा. मग थबकली – यांच्यात चालतं का हे? फोनवर हॉलचं थेट प्रक्षेपण लावून ठेवलं होतं, नाहीतर वेळ कशी कळणार. म्हणजे अक्काही दर वर्षी अशाच… ज्यांनी त्याला नेलं त्यांच्याच घंटेवर…

घंटा झाली. तिने काडी ओढली. भर दुपारच्या उजेडात ज्योत दिसेना. हात वर धरला तेव्हा ऊब लागली, तेवढीच खूण. पडद्यावर वैभवी पहिल्या रांगेत वाकली होती, शेजारी रिकामी खुर्ची, आणि समोर ती हसरी मुलं, ओळीने – त्यातला एखादा सायकलीवरचा असेल, त्यालाही कुणीतरी असंच तेल लावून दिलं असेल – सुचेताला त्यांचा राग आणायचा होता, येईना. आणि न आल्याचीच भीती वाटली.

वैभवीने मान वर केली. फोटोंकडे नाही बघितलं तिने. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, बराच वेळ, हिशेब जुळत आल्यासारखं.

संध्याकाळी ती येईल. प्रसादाला येतेच. विचारेल… सुचेताने डोळे मिटून कहाणीतली पहिली ओळ आठवायचा प्रयत्न केला, आठवेना, आणि उजव्या कानशिलात, आत कुठेतरी, खरंच बारीकसं ठणकायला लागलं.