पानाची उजवी कड

"काकू, हे असं छापता येणार नाही," म्हणत नम्रताने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

शनिवार पेठेत आमच्या इमारतीपासून चार मिनिटांवर तिचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल, सगळं ती करते. मी तिला माझ्या यजमानांचं लिखाण पेन ड्राइव्हवर नेऊन दिलं होतं. श्याम पाटबंधारे खात्यात टंकलेखक म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कालव्यावर भेटलेल्या माणसांच्या आठवणी त्यांनी शेवटच्या वर्षात स्वतः टाइप केल्या. चौदा प्रकरणं झाली. त्यांची एक छोटी पुस्तिका काढायची आणि वर्षश्राद्धाला येतील त्यांच्या हातात द्यायची, असं मी आणि अस्मिताने ठरवलं होतं. वर्षश्राद्धाला पंचवीस दिवस होते.

"काकांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारलाय," नम्रता म्हणाली. "मी पान पुस्तकाच्या मापाचं केलं, तर बघा. एक ओळ भरलेली आणि खाली दोन शब्द लोंबकळतायत. पुन्हा एक भरलेली, पुन्हा दोन शब्द."

"काढता येत नाहीत का?"

"येतात हो. पण नवा परिच्छेद कुठे आणि नुसती ओळ कुठे, हे मला वाचून ठरवावं लागेल. त्यात एखादा इकडचा तिकडे झाला, तर तुम्हीच म्हणाल."

"म्हणेन."

"म्हणून तर सांगतेय."

पेन ड्राइव्ह घेऊन मी घरी आले.

त्यांची सवय मला माहीत होती. ते टंकलेखन शिकले ते यंत्रावर. ओळ संपत आली की घंटी वाजायची, हातातला शब्द पुरा करायचा आणि दांडी ओढून पुढची ओळ धरायची. चाळीस वर्षं हात असा चालला. अस्मिताने संगणक आणून दिला तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, "अहो, एंटर दाबावं लागत नाही. ओळ आपोआप खाली जाते."

"ओळ कुठे संपवायची ते मी ठरवीन," ते म्हणाले. "यंत्राची नेमणूक लिहायला आहे, ठरवायला नाही."

संगणकाला घंटी नव्हती. त्यामुळे ते पानाच्या उजव्या कडेवर नजर ठेवून टाइप करत आणि कड जवळ आली की एंटर दाबत. दोन परिच्छेदांमध्ये एक कोरी ओळ सोडत. खात्यातल्या पत्रांना शोभेल असं नेटकं काम होतं ते.

मी एकेक एंटर खोडायला बसले. एकतीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढल्यावर अशा कामाचा कंटाळा येत नाही. चार पानं झाली तेव्हा हिंजवडीहून अस्मिताचा फोन आला. ती तिथे एका कंपनीत आहे.

"आई, तू एकेक डिलीट करतीयेस?"

"चार पानं झाली."

"ग्रेट आहेस. वर्षश्राद्ध यंदाचंच आहे ना? हे बघ, ते फाइंड-रिप्लेसने दोन मिनिटांत होतं. मी शनिवारी येते आणि करून देते. तोपर्यंत तू काही करू नकोस. आणि वर उलट्या पी-सारखं चिन्ह आहे, ते दाब. म्हणजे कुठे कुठे एंटर आहेत ते दिसतील."

मी ते चिन्ह दाबलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तशीच एक छोटी खूण उमटली. मी हातानं साफ केलेली चार पानं टाकून दिली, मूळ प्रत पुन्हा उघडली आणि नुसतीच खाली खाली जात राहिले. पहिल्या प्रकरणात त्या खुणा पानाच्या उजव्या कडेला एकाखाली एक, ओळंबा धरल्यासारख्या उभ्या होत्या. दुसऱ्या, तिसऱ्या प्रकरणातही तशाच. सातव्या प्रकरणाशी मी थांबले. खुणा कडेपासून सुटून आत आल्या होत्या. दहाव्यात आणखी आत. शेवटच्या प्रकरणात त्या पानाच्या मधोमध होत्या आणि त्यांच्या उजवीकडे अर्धं पान कोरं होतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

ते हे लिहीत होते त्या वर्षी डिसेंबरच्या चार तारखेला कसब्यात, तांबट आळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हातगाडीवर त्यांचा उजवा खांदा आदळला आणि ते पडले. भर दुपारी, गाडी समोर उभी असताना. हॉस्पिटलात मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूला मागे गाठ आहे. तिच्यामुळे दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नाही. हे हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला स्वतःला कळतंच असं नाही. दिसतंय तेवढंच समोर आहे, असं त्याला वाटतं.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"पंधरा दिवस," मी सांगितलं. एकोणीस नोव्हेंबरला जेवताना उजवीकडच्या पेल्याला त्यांचा हात लागून पाणी सांडलं होतं. मी तारीखही सांगितली.

"गाठीच्या आकारावरून जास्त दिवस वाटतात."

"पंधरा दिवस," मी पुन्हा म्हटलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

गाठ काढण्याच्या पलीकडे गेली होती. फेब्रुवारीत ते गेले. त्यानंतर वर्षभर मी त्या पंधरा दिवसांना धरून होते. कळण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते पंधरा दिवसांतच झालं. एवढं खरं असेल, तर माझ्याकडून काही राहिलं नव्हतं.

आता समोर चौदा प्रकरणं होती आणि प्रत्येकाखाली तारीख होती.

आधी दुसरी कारणं तपासली. अक्षराचा आकार सगळीकडे एकच होता. समास तेच, पानाचं माप तेच. मग प्रत्येक प्रकरणातल्या दहा ओळी घेतल्या. परिच्छेदाची शेवटची ओळ आपोआपच आखूड असते, ती वगळली. अक्षरं मोजून सरासरी काढली. जानेवारीत एकोणसत्तर. फेब्रुवारीत सत्तर. मेच्या मध्यापर्यंत, पाच प्रकरणं, तेच. एका अक्षराचा फरक मी धरला नाही. सहावं प्रकरण जूनच्या चार तारखेचं, त्यात पासष्ट. जुलैत साठ. सप्टेंबरात अठ्ठेचाळीस. शेवटचं प्रकरण सत्तावीस नोव्हेंबरचं, त्यात चौतीस. मी आलेखाचा कागद काढला आणि बिंदू मांडले. ते जोडायला पट्टीची गरज पडली नाही.

पंधरा दिवस नव्हतेच. सहा महिने होते.

जूनपासूनचं मग एकेक आठवू लागलं. चष्म्याचा नंबर नुकताच बदलला होता, म्हणून पेपर वाचताना ते अडखळायचे तेव्हा मी चष्मेवाल्याला नावं ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराला त्यांचा खांदा घासायचा. आणि भाजी. आमच्याकडे पान वाढायची पद्धत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे. जुलैत एक दिवस त्यांनी वरणभात, पोळी, कोशिंबीर सगळं खाल्लं आणि उजवीकडची तोंडल्याची भाजी तशीच ठेवली.

"तोंडली नको होती तर तसं सांगायचं," मी म्हटलं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. "भाजी होती का?"

हा त्यांचा नेहमीचा बोलण्याचा ढंग. चहात साखर कमी पडली तर "चहा आहे का हा?" आणि पाहुणा फार वेळ बसला तर "आपण मुक्कामाला आलात का?" मला वाटलं, भाजी बिघडली म्हणून टोमणा मारला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझा गुन्हा काय, तेवढं लेखी मिळेल का?" त्यावर मी हसले आणि विषय संपला. पुढे कधी भाजी उरली तर मी काही न बोलता ती काढून ठेवायची.

ब्युरेटच्या काचनळीचं रीडिंग डोळा पातळीत आणल्याशिवाय घ्यायचं नाही, हे मी कितीतरी मुलींना शिकवलं. ती उरलेली भाजी मी पाच महिने नुसती बघत होते.

शेवटचं प्रकरण मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. गेनबा नावाचा एक माणूस कालव्याच्या दारावर पाण्याची पातळी मोजायला होता, त्याच्याबद्दलचं.

गेनबा रोज सकाळी सहाला पट्टीवरचा
आकडा वहीत उतरवून घेई. त्याला
अक्षरं येत नव्हती, आकडे येत.
एकदा वही पाण्यात पडली. त्याने
ती उन्हात पसरली आणि पुसट
झालेला एकही आकडा स्वतःच्या
मनाने लिहिला नाही.

वाक्यं तीच होती, त्यांच्या हातची. वाक्यात कुठे काही कमी झालं नव्हतं. फक्त पान कमी झालं होतं.

शनिवारी दुपारी अस्मिता आली. जेवण झाल्यावर ती संगणकासमोर बसली, मी शेजारी खुर्ची घेतली. आलेखाचा कागद मी वहीत घालून वही मांडीवर ठेवली होती. तिला दाखवायचा, असं मनाशी ठरवलं होतं. दोघींना माहीत असलं तर ते थोडं हलकं होईल, असं वाटत होतं.

"बघ," ती म्हणाली. "आधी जिथे दोन एंटर एकत्र आहेत तिथे तीन चांदण्या टाकायच्या. तो खरा परिच्छेद. मग उरलेल्या प्रत्येक एंटरच्या जागी एक स्पेस. शेवटी चांदण्यांच्या जागी पुन्हा एंटर. झालं."

"बाबांनी कुठे चांदण्या वापरल्या असतील तर?"

"बाबा आणि चांदण्या?" ती हसली. तरी तिने शोधून पाहिलं. नव्हत्या.

पहिली पायरी झाली. मग ती एकदम म्हणाली, "हे पान बघून आठवलं. बाबांनी एकदा मला फोन केला होता. म्हणाले, अस्मिता, तू हे पान अरुंद केलंस का? मी म्हटलं, बाबा, मी हिंजवडीत बसून तुमचं पान कशाला अरुंद करू? झूम झालं असेल, कंट्रोल आणि शून्य दाबा. तर म्हणाले, दाबलं, आता छान दिसतंय. काही दाबलं नसणार. मला मीटिंगला जायचं होतं, ते त्यांना कळलं असणार."

"कधी हे?"

"तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. ऑगस्ट असेल. का गं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती, हसू अजून तसंच होतं. बाबांची एक गंमत म्हणून ती ते सांगत होती. वर्षश्राद्धाला आलेल्यांनाही तीच सांगेल.

"सहज," मी म्हटलं. वही मांडीवरून उचलून मागच्या कपाटात ठेवली.

"आता दुसरी पायरी. हे तू दाब. पुस्तक तुझं आहे."

मी बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग चौदा प्रकरणांतल्या सगळ्या ओळी हलल्या, एकमेकींना जाऊन मिळाल्या आणि पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरल्या. तीन हजार दोनशे सहा बदल केले, असं एका छोट्या चौकटीत आलं. मग अस्मिताने चांदण्यांच्या जागी पुन्हा एंटर टाकले. पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण आता सारखंच दिसत होतं. जानेवारीतला माणूस आणि नोव्हेंबरातला माणूस यांत कुणाला काही फरक सांगता आला नसता.

"किती छान दिसतंय," अस्मिता म्हणाली. "जुनी फाईल उडवू का? उगाच गोंधळ नको."

"नको. मूळ नोंद उडवायची नाही."

"लॅबवाली," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

सोमवारी मी नम्रताला नवा पेन ड्राइव्ह दिला. तिने दोन-तीन पानं वर-खाली करून पाहिली. "काकू, एकही चूक नाही. काकांचा हात एकदम सरळ होता हो."

"होता," मी म्हटलं.

घरी येऊन मी त्यांची हॉस्पिटलची फाईल काढली. पहिल्याच कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: उजवीकडचं न दिसणे, पंधरा दिवस. माहिती देणार, पत्नी. ही झेरॉक्स. मूळ कागद हॉस्पिटलात असेल, तिथे पंधरा दिवसच राहतील. जूनमध्ये गाठ केवढी होती हे मोजायला आता काही उरलेलं नाही. तेव्हा जाऊन उपयोग झाला असता की नाही, हे मला माहीत नाही आणि कळणारही नाही.

प्रयोगशाळेत चुकीचा आकडा खोडरबराने पुसायची परवानगी नसे. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही आणि तारीख. ज्याने चूक केली त्याचीच सही.

मी 'पंधरा दिवस'वर रेघ मारली. वर 'सहा महिने' लिहिलं, सही केली, तारीख घातली. आलेखाचा कागद मागे टाचला आणि फाईल कपाटात वरच्या फळीवर ठेवली, अस्मिताचा हात सहज पोचणार नाही अशी.