कोपरानं उघडायचा नळ

दांडा चांगला वीतभर लांब, टोकाशी किंचित चपटा, आणि त्या चपट्या जागेवर दुकानातलं निळं स्टिकर अजून तसंच – कडा सुटलेल्या, कडांत मळ बसलेला, पण इतक्या वर्षांत ते झिजून गेलेलं नाही, कारण तिथं कुणाचं कोपर कधी टेकलंच नाही. तनुजानं नेहमीसारखा तो दांडा दोन बोटांनी बाजूला केला, चूळ भरली, आणि दोन बोटांनीच नळ बंद केला. कोपरानं उघडायचा नळ. डॉक्टर लोकांचा. हात स्वच्छ धुतल्यावर पुन्हा नळाला हात लागू नये म्हणून असतो तो, असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि सांगताना स्वतःचं कोपर असं काही उचलत की पाहुण्याला वाटावं, आता ढुशी बसते. पण उचलायचे ते हवेतच. नळाला लावायचे नाहीत. तो मान म्हणे त्यांच्या पोरीचा, माझा.

आणि मी तो मान बाजूला ठेवून बोटांनी चुळा भरते, रोज सकाळी. कुणी बघत नसताना.

आज संध्याकाळी सांगायचंच. चहाच्या वेळी. आप्पा, मला यंदा परीक्षेला बसायचं नाही. एवढंच. पुढं काही जोडायचं नाही, कारण जोडलं की आप्पा त्या जोडाला धरतात – 'का' म्हटलं की कारण द्यावं लागतं, कारण दिलं की त्याच्यावर उपाय निघतो, आणि उपाय निघाला की झालं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. मेडिकलच्या सीईटीचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख आणि तिनं फॉर्म आणलेलासुद्धा नव्हता. आज सांगितलं नाही, तर उद्या आप्पा स्वतः तिला गाडीवर बसवून फॉर्म आणायला नेतील.

ही खोली बंगल्याच्या आधीची. म्हणजे बांधली बंगल्याबरोबरच, पण ठरली आधी. मळा आयटी पार्कात गेला आणि आप्पांनी गावठाणाच्या रस्त्याला घर काढलं, तेव्हा नकाशात पहिली चौकट त्यांनी हीच दाखवली – हितं दवाखाना. आर्किटेक्टनं विचारलं, घरात डॉक्टर कोण आहे? आप्पांनी अंगणाकडं बोट केलं. अंगणात मी चिंचा सोलत बसले होते. नववीत होते. आर्किटेक्ट सदाशिव पेठेतला माणूस, हसला नाही. 'उत्तम, म्हणजे पेशंटांना घाई नाही,' एवढंच म्हणाला आणि चौकट काढली. मग खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, कंपाउंडरची खिडकी, बाहेर बाकडं, आणि एक तपासायचं टेबल – त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, त्यावर माझी पुस्तकं. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. दुसऱ्या वर्षी आणखी थोडक्यात. होमिओपॅथीला मिळत होतं, तर आप्पा म्हणाले, साबुदाण्यासारख्या गोळ्या द्यायला असला नळ कशाला लागतो? म्हणून मग बी.एस्सी., प्राणिशास्त्र, आता दुसरं वर्ष, आणि कॉलेजच्या आधी सीईटीचा क्लास. सगळा संसार त्या नळाच्या हिशोबानं चाललेला.

"झाली का गं डॉक्टरीण?"

बाहेर बाकड्यावर मथुराबाई उन्हाला बसली होती. पलीकडच्या आळीतली म्हातारी. डाव्या गुडघ्यावर पपईएवढी सूज. रोज यायची, रोज हाच प्रश्न.

"अजून नाही, आजी."

"असूं दे, असूं दे. माझा लंबर पयला हाय, तेवढं ध्येनात ठेव. सूनबाई म्हनती, दुसऱ्याला दाखवू. म्या म्हनलं, अजाबात न्हाई. आमची घरची डॉक्टर हाय."

"आजी, अहो, माझं काही खरं नाही. दाखवून या कुठं तरी."

"चल, जा तिकडं, बस जाईल," मथुराबाई म्हणाली आणि गुडघ्यावर पदर ओढून घेतला, जणू तनुजा तो चोरून नेणार होती.

बस मिळाली. बसायलाही मिळालं, खिडकीशी. मगरपट्ट्याच्या वळणावर कॉल सेंटरच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, रात्रपाळी करून आलेली पोरं मान टाकून झोपलेली… आणि तिला पुन्हा तोच प्रश्न, महिनाभर डोक्यात फिरणारा: पहिल्यांदा म्हणालं कोण? 'डॉक्टर व्हायचं' हे शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाले? कारण ते जर माझे असतील, तर मी माझं मोडते आहे, आणि ते आप्पांचे असतील, तर त्यांचं. दोन्हीत फरक आहे. आप्पांची गोष्ट तर सगळ्या भावकीला पाठ होती – उसाच्या तोडीत कोयता निसटून त्यांच्या पायावर बसला, ससूनला नेलं, घरात कुणी नव्हतं म्हणून सहा वर्षांच्या तनुजाला बरोबर घेतलं, आणि टाके घालताना पोरगीनं तोंड फिरवलं नाही. 'कंपौंडरनं डोळे मिटले, पण माझी पोरगी बघत व्हती!' कंपाउंडर कुठून आला कोण जाणे; दरवर्षी गोष्टीत एक माणूस वाढे. तिला स्वतःला आठवे ते फारच थोडं. स्पिरिटचा वास. आप्पांचा अंगठा, नख काळं पडलेला. आणि फाटलेल्या कातडीच्या खाली पिवळं काही तरी, कोवळ्या कणसाच्या दाण्यांसारखं, ओळीनं. धीट वगैरे ती नव्हती. ते काय आहे, एवढंच तिला कळत नव्हतं.

"या! माहेरपणाला आलात?" क्लासमधले सर दारातच म्हणाले. रिपीटर बॅचला ते रोज असंच काही तरी म्हणत; पोरं हसत, तीही हसे. आज हसली नाही. "या खेपेला तरी सासरी नांदा बाई," सर म्हणाले आणि फळ्याकडं वळले. मूत्रपिंड चालू होतं. तिला सगळं येत होतं – हीच तर मेख. वहीत बघून नव्हे, आतून येत होतं. नळ्या, गाळण, परत शोषलं जाणारं पाणी, सगळं डोळ्यांपुढं वाहताना दिसे. आणि मग प्रश्नपत्रिकेत चार पर्याय समोर आले की नळाचा तो दांडा दिसे, फरशा दिसत, बाकड्यावर मथुराबाई दिसे, आणि पेन्सिल दोन गोलांच्या मध्ये लटकत राही. कुठला तरी गोल काळा करायचा म्हणून करायचा…

क्लास सुटल्यावर पूर्वा भेटली, कॉलेजच्या फाटकाशी, चहाच्या टपरीवर. तिनं मागच्या वर्षीच सीईटीला रामराम ठोकला होता आणि आता संध्याकाळी कॉल सेंटरला जाऊन कुणा परदेशी लोकांशी 'पॅट्रिशिया' नावानं बोलायची.

"घरी सांगितलंस कसं गं?" तनुजानं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? सांगितलं. आईनं दोन दिवस भांडी आपटली. मग पहिला पगार झाला, भांडी आपोआप शांत." पूर्वानं चहाचा कप खाली ठेवला. "तू पण ना, फारच सेंटी आहेस. एक वाक्य आहे, बोलून टाक आणि मोकळी हो."

एक वाक्य. प्रॅक्टिकलभर ती तेच घोळवत होती. समोर ट्रेमध्ये झुरळ टाचण्यांनी ताणलेलं, आणि ओठांत, आप्पा, मला यंदा… झुरळाच्या मज्जातंतूंच्या गाठी एकेक करून मोकळ्या होत होत्या, हात स्थिर होते, इतके की बाजूचा मुलगा म्हणाला, यार, तू मस्त करतेस. तिला त्याचा रागच आला. मस्त करतेस म्हणे! कर की मग मला डॉक्टर. टाक त्या खोलीत.

परतीच्या बसमध्ये वाक्य अगदी गुळगुळीत झालं होतं. कुठंच अडकत नव्हतं.

घरापाशी आली तर बाकडं जागेवर नव्हतं. भिंतीला उभं करून ठेवलेलं, पाय रस्त्याकडं. मथुराबाई नव्हती. खोलीचं दार सताड उघडं, आणि आत आप्पा, हातात मोजपट्टी, पुस्तकांचा गठ्ठा खाली उतरवून टेबलाच्या प्लास्टिकवर टेकलेले. ते प्लास्टिक त्यांच्या खाली कुरकुरलं. आप्पा त्या टेबलावर कधी बसत नसत.

"ये," ते म्हणाले. "च्या झाला का?"

"आप्पा, मला –"

"आधी माझं ऐक. बँकेचा मानूस आलता. हितं एटीएमचं मशीन टाकायचं म्हनत्यात. कंपनीतली पोरं येता-जाता पैसं काढतील. मी हो म्हनलो."

"कुठं?"

"हितंच की. ह्या खोलीत." आप्पांनी मोजपट्टी गुंडाळायला घेतली. "तुझी आई म्हनली, पोरगी ताटावर बसून भिंतीकडं बघत ऱ्हाती. मलाबी दिसतंय, आंधळा न्हाई मी. जाऊं दे ते डॉक्टर-बिक्टर. बी.एस्सी. कर निवांत. कुनी काय म्हनलं तर माझ्याकडं पाठव."

झालं. हेच तर हवं होतं. न बोलता मिळालं, भांडी आपटल्याशिवाय. आता हलकं वाटायला हवं, बाहेर जाऊन पूर्वाला फोन करायला हवा – आणि तिच्या कानशिलांत रक्त चढलं. ताट आपण बाजूला सारायच्या आधीच कुणी तरी ते उचलून न्यावं, तसा राग. कुणी विचारलं मला? बांधतानाही नाही, मोडतानाही नाही! दिवसभर घोटलेलं माझं वाक्य, ते आता कुणाला सांगू? नको म्हणायचं होतं मला, मी म्हणणार होते, माझ्या तोंडानं…

"आणि मथुराबाई?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला वेगळा वाटला.

"नेलं की दुपारी, हाडाच्या डॉक्टरकडं. किती दिस बसवायचं म्हातारीला? पानी काढलं गुडघ्यातनं. लई रडली." आप्पांनी मोजपट्टीची गुंडाळी घट्ट केली. "दुखलं म्हनून न्हाई. माझा लंबर मोडला, म्हनत व्हती."

तनुजा भिंतीला टेकली. फरशी गार होती. तो गुडघा मी कधी हात लावून पाहिला नव्हता, एकदाही नाही, रोज समोर असून. आणि आज दुसऱ्या कुणी तरी पाहिला, तर मला माझ्या घरातलं काही नेल्यासारखं का वाटावं?

"मशीनपाशी पानी नको म्हनत्यात," आप्पा म्हणाले. "उद्या सकाळी पलंबर येतोय. नळ काय करू? गच्चीत लावू का?"

"तुम्हीच ठरवा. एवढ्या हौसेनं आणलात."

"मी?" आप्पांनी मान वर केली. "मला काय करायचाय असला नळ? हौस तुझी. इसरलीस व्हय?"

"माझी?"

"अगं, पाय शिवून झाला, डॉक्टर हात धुवायला गेलं, तर तू त्यांच्या मागं. हलंचना. इचारलंस त्यास्नी, आत अजून काय असतंय? ते हसलं. तुला उचललं, तुझं कोपर दांड्याला लावलं. पानी आलं तशी तू अशी हसलीस… मी टेबलावर पडलेला, पाय ठणकतोय, अन् पोरगी हसतीया. घरी येस्तोवर एकच धोशा – आप्पा, आपल्याकडं असला नळ पायजे." त्यांनी मोजपट्टी खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली. "मग काय. नळाला भिंत लागती. भिंतीला खोली लागती. ल्हान पोर काय बी मागतं, मी आपला धरून बसलो."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. कंपाउंडर सांगितला, डोळे मिटणारा, हे नाही. तिनं आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. स्पिरिट, अंगठा, पिवळे दाणे… आणि मग काखेत कुणाचे तरी ओले हात, गुदगुल्या, खालून फरशी लांब गेलेली – हे आठवलं, की आत्ता ऐकलं म्हणून आठवल्यासारखं झालं, कसं ठरवायचं? पण 'आत अजून काय असतं' हे मात्र माझं होतं. ते आप्पांना रचता आलं नसतं. ते तर मी आज दुपारीसुद्धा विचारत होते, झुरळावर वाकून, ओठांत दुसरंच वाक्य असताना.

ती बेसिनपाशी गेली. बाही मागं सारली, कोपर उचललं आणि त्या निळ्या स्टिकरवर टेकवलं. दांडा आधी हललाच नाही. बोटांना तो सवयीचा होता, कोपराला नव्हता. मग जरा जोर दिल्यावर एकदम फिरला आणि पाणी धाडकन बेसिनभर उसळलं, तिच्या ओढणीवर, आप्पांच्या धोतरावर. आप्पा मागं सरकले नाहीत. तिनं हात धुवायला घेतले. तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. तिला भीती वाटत होती, पण ही नापास व्हायची भीती नव्हती, ती तिच्या ओळखीची होती. आपल्याला हे खरंच हवं असेल तर काय, अशी ही भीती होती, आणि ती आज पहिल्यांदाच आली होती.

"आप्पा, नळ उद्या नका काढू."

"मग कधी?"

नळ बंद करायला तिनं कोपर उचललं, दांड्यापर्यंत नेलं, आणि तसंच खाली घेतलं. हात अजून धुवून झाले नव्हते.