सासूबाईंचा पहारा

धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्याच वर्षी मी फुगायला लागले. लग्नात शिवलेले कपडे सहा महिन्यांत दंडात अडकायला लागले. खाणं मात्र एवढंएवढंसं. सकाळी चहा, दुपारी पावाचे दोन तुकडे, रात्री वाटीभर भाजी.

मी बेकरीत कामाला होते. पीठ मळायचं, ट्रे भट्टीत सारायचे. मग काय, सगळ्यांनी निकाल लावून टाकला. "बेकरीत काम करते, आणि म्हणे खात नाही!" नणंद हसायची. मालकांनी तर बिस्किटांच्या कपाटाला कुलूप घातलं. एक दिवस म्हणाले, "माल कमी भरतोय आणि तुम्ही जास्त भरताय, बाई. महिनाअखेर दुसरं काम बघा."

घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मी तिथला एक कणही तोंडात टाकत नाही."

"आरसा वेगळंच सांगतोय की गं."

"मग उद्यापासून माझ्यासमोर येऊन बसा. आणि जेवायला घरी यायचं नाही, नाहीतर म्हणाल, मागे खाल्लं. माझ्याच ताटात जेवायचं, मी खाईन तेवढंच."

चोर पकडायचा म्हणून सासूबाई उत्साहाने आल्या. त्यांनी मैद्याच्या पोत्यावर बैठक मारली. मी त्यांना आणि स्वतःला पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं, मालकांच्या देखत.

आठवडा संपायच्या आत सासूबाईंना गरगरलं. मी साखरपाणी पाजलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "अगं बये, एवढ्यावर तू दिवसभर पीठ मळतेस?"

पुन्हा काट्यावर उभ्या राहिलो. त्या दोन किलोंनी उतरल्या होत्या, मी एका किलोनं चढले होते.

"काटा बिघडला असेल," मालक म्हणाले.

"अस्सं? मग याच काट्यावर लोकांना माल तोलून देता होय?" सासूबाई कडाडल्या. "माझी सून चोर नाही. मी डोळ्यात तेल घालून बसले होते. तुमचे मेहुणे मागच्या दारानं रोज पिशवी भरून काय नेतात, ते आधी विचारा!"

गल्ल्यावर बसलेल्या मेहुण्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझं काम टिकलं.

तिथून सासूबाईंनी मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाणं कमी करा."

"आणखी किती कमी? मी तेवढंच खाऊन पडले!" सासूबाई उसळल्या.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझा गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. गोळी सुरू झाली, आणि सासूबाई समोर बसून मला पोटभर वाढू लागल्या. वाढलेलं वजन निम्मं उतरलं, निम्मं राहिलं. राहू दे. त्याच अंगानं मी पुढे भट्टी सांभाळली, आणि माझ्या खाण्याबद्दल पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. सासूबाई काढूच देत नव्हत्या.

माझा थोरला मुलगा नोकरीला लागला, त्या वर्षीच्या थंडीत सासूबाई वारल्या.