कुकरमधले फोन

फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, हे माझ्या थोरल्या भावाला ज्या दिवशी पटलं, त्या दिवसापासून आमच्या घरात भात उशिरा व्हायला लागला. झालं असं की जेवताना दादा गुडघा दुखतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती आल्या.

"अहो, कालची सगळी सकाळ तुम्हीच फोनवर गुडघेदुखी शोधत होतात," वहिनी म्हणाली.

"तो वेगळा विषय आहे," दादा म्हणाला.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेल्या गिऱ्हाइकाला तो देशोदेशीच्या बातम्या स्वतःच्या मतांसकट सांगतो. त्या अवस्थेत मान हलवता येत नसल्यामुळे त्याच्या मतांना आजवर कुणी नकार दिलेला नाही. घरी मात्र आमच्या माना मोकळ्या असतात, म्हणून त्याने थेट नियम केला. काही खाजगी बोलायचं असलं की चौघांचे फोन जेवण गुंडाळायच्या चंदेरी कागदात बांधून कुकरमध्ये ठेवायचे, झाकण लावायचं आणि वर शिट्टी बसवायची.

"शिट्टी कशाला?" मी विचारलं.

"मग काय, भोक उघडं ठेवू?"

या सगळ्याला आत्या हसायची. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, म्हणजे एकाची तार दुसऱ्याला जोडून देण्यात.

"फोन कसला ऐकतोय?" ती म्हणायची. "ऐकतात माणसं. आम्ही ऐकायचो की. फक्त हसू आलं तर कानावरचं यंत्र काढायचं, उठायचं, चहाच्या खोलीत जाऊन हसायचं. लाइनवर कुणी हसली तर मोठ्या बाई तिला सगळ्यांसमोर उभी करायच्या."

मग एका संध्याकाळी आत्यानेच दादाला सांगितलं, "कुकर काढ." चौघं स्वयंपाकघरात बसलो. फोन आत गेले. आत्या म्हणाली, ती लग्न करते आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट बघायला येतात त्या मेकॅनिकशी. तेही एकटेच आहेत.

वहिनीने तिचा हात धरला. मी बरं वाटल्याचं सांगितलं. दादाने कुकरची शिट्टी नीट बसली आहे ना, ते तपासलं.

"पण एक आहे," आत्या म्हणाली. "सही होईपर्यंत इमारतीत कुणाला कळता कामा नये. या वयात लग्न म्हटल्यावर लोक कसे हसतात ते मी कानाने ऐकलंय. जिन्यात एक जरी माणूस माझ्याकडे बघून हसला, तर मी परत येऊन दार लावून घेईन. त्यांनाही सांगून ठेवलंय."

ती हे अगदी सहज बोलली, म्हणून आम्हाला जास्त भीती वाटली. दादाने तर हे राष्ट्रीय सुरक्षेचं काम समजून अंगावर घेतलं. कपडे काय घालायचे, साक्षीदार कोण, रिक्षा की टॅक्सी, प्रत्येक गोष्टीला कुकर. एवढ्या बैठका मंत्रिमंडळाच्याही होत नसतील.

अडचण एकच होती. बैठक सुरू झाली की थोड्या वेळाने बेल वाजायची. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू.

"चौघांचेही फोन लागेनात. बरे आहात ना सगळे?"

"पोटं बिघडलीत," दादाने एकदा सांगितलं.

काकूंनी ओव्याचं पाणी पाठवलं. चौघांनी मुकाट्याने प्यायलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी शेवटची बैठक. नोंदणी कार्यालयात दुपारी जायचं होतं. इमारतीतून एकेकाने कसं निघायचं हे दादा समजावत होता. मी दूध आणायला जातो असं दाखवायचं, वहिनीने हातात दळणाचा डबा घ्यायचा. इतक्यात बेल वाजली. काकूच होत्या, पण ठेवणीतले कपडे घालून.

"ताई, त्यांचा मला फोन आला, लिफ्टसाठी माझा नंबर असतो ना त्यांच्याकडे," त्या आत्याला म्हणाल्या. "तुमचा एकही लागत नाही म्हणून. नोंदणीच्या साहेबांना दुपारी कुठेतरी जायचंय, तर आत्ताच बोलावलंय. आणि फोटो विसरू नका म्हणाले."

दादाचा चेहरा ओव्याच्या पाण्यासारखा झाला. आम्ही कुणी काकूंकडे पाहिलं नाही. आत्या मात्र फक्त त्यांच्याकडेच बघत होती, ओठांच्या कडेला काही हलतंय का ते. काही हललं नाही.

"कधीपासून माहीत आहे?" आत्याने विचारलं.

"लिफ्ट चालू असताना मेकॅनिक यायला लागले तेव्हापासून अंदाज होता. मग तुमचे फोन एकदम बंद व्हायला लागले. म्हटलं, आता ठरलेलं दिसतंय."

"इमारतीत सगळ्यांना माहीत आहे?"

"तळमजल्यावरच्या भाडेकरूंना नसेल. ते नवीन आहेत."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"तुम्हाला लपवायचं होतं ना? मग आम्हीही लपवलं."

वहिनीने माझ्या दंडाला चिमटा काढून ठेवला होता, तो सोडायला ती विसरली.

"हसलात?" आत्याने विचारलं.

काकूंनी जरा विचार केला. "हसलो की, खोटं कशाला बोलू. पण आपापल्या घरात, दार लावून."

"जिन्यात नाही?"

"छे. जिन्यात कसं हसणार?"

आत्याने मान हलवली. एक्स्चेंजमध्ये एखाद्या नव्या मुलीला कामावर रुजू करून घ्यावं तशी. "मग ठीक आहे," म्हणाली आणि चपला घालायला लागली. "तुम्हीही चला. साक्षीदार एक कमीच आहे. आमच्या दादाची सही दर वेळी वेगळी येते."

लिफ्टमधून पाच जण खाली उतरलो. लिफ्ट इतकी गुळगुळीत चालत होती की आत्या लाजली. दाराच्या जाळीतून दिसत होतं, जिन्यात प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी कुलूप लावत होतं, झाडाला पाणी घालत होतं, वर्तमानपत्र वाचत होतं. सगळ्यांचे चेहरे परीक्षेच्या हॉलमधल्यासारखे गंभीर. खाली मेकॅनिक उभे होते, केस विंचरून.

टॅक्सीत बसल्यावर दादा माझ्या कानाशी वाकला.

"पण एक बघ," तो म्हणाला, "फोनमधून एक शब्द बाहेर गेला नाही."

ते खरंच होतं. फोन अजून कुकरमध्येच होते, म्हणून लग्नाचा फोटो काकूंच्या फोनवर काढला आणि तो आमच्याआधी इमारतीत पोचला.