जस्ताचं अस्तर

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून कोळंबीचा वास येतो. मी एक जुना तीनचाकी टेम्पो आहे. घणसोली गावच्या मुक्ताबाईंनी मला घेतलं, तेव्हा नवी मुंबई नुकती आकार घेत होती. मी त्यांची मासळी बाजारात न्यायचो. मला चालवायचा त्यांचा भाऊ गोटीराम.

दुपारी मुक्ताबाई मला खाडीच्या पाण्यानं मनापासून धुवायच्या. "खाडीचा माल, खाडीचंच पानी," असं त्यांचं म्हणणं. मला ते लाड वाटायचे, पण खारं पाणी मागच्या हौद्याच्या सांध्यांत शिरून बसायचं आणि पत्रा गंजायचा. ठिगळं लावली, वरून छान रंग दिला, तरी पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या कडा पापडासारख्या फुटायच्या. शेवटी एकदा पापलेटची पाटीच तळ फोडून रस्त्यावर पडली.

"आता परत फाटला तं भंगारात," मुक्ताबाईंनी बजावलं.

मी धास्तावलो. कोपरखैरण्याच्या वामन मिस्त्रीनं सडका पत्रा कापला. नवं ठिगळ माझ्या पत्र्यावर जिथे बसणार, तिथल्या ठिगळाच्या आणि पत्र्याच्या एकमेकांवर येणाऱ्या बाजू चकचकीत घासल्या आणि त्यांवर करड्या प्रायमरचा पातळ हात दिला.

"येडा झाला काय? आतमंदी रंग कोन बगनार?" गोटीराम हसला.

"खारं पाणी बघतं ना. तुझ्यापेक्षा बारीक नजर आहे त्याची."

"मंग साधा रंग लाव."

"त्यातून करंट जात नाय, वेल्डिंग धरत नाय. यात जस्त आहे. करंट जातो, आणि गंज आधी जस्ताला खातो. पत्रा वाचतो."

प्रायमर सुकल्यावर वामननं वेल्डिंग केलं, जळलेली जागा घासली, सांध्याची कड सीलरनं बुजवली आणि मग रंग दिला.

"आणि मुक्तामावशी, याला विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घाला."

"जावयाचं बी एवढं लाड नाय केलं मी," त्या पुटपुटल्या. पण दुसऱ्या दिवसापासून विहिरीचंच पाणी आलं.

पावसाळा सरला. दसऱ्याला, पूजेआधी, वामननं माझे सांधे स्क्रूड्रायव्हरनं ठोकून पाहिले. ठण्ण आवाज आला, म्हणजे पत्रा शाबूत होता. तरी मुक्ताबाईंचं समाधान होईना. त्या स्वतः हौद्यात चढल्या आणि दोनदा दणदणीत पाय आपटले.

"मी ऱ्हायली, म्हंजे पापलेट बी ऱ्हातील," त्या म्हणाल्या आणि झेंडूची माळ मागून घेतली.

आता मी म्हातारा झालो आहे. मित्रांनो, माझ्या हौद्यात खुशाल उड्या मारा, तळ भक्कम आहे. फक्त मला धुवावंसं वाटलंच, तर पाणी विहिरीवरून आणा.